शून्य, एक, दोन, तीन

रविवारी सकाळी मी टाळ्या वाजवायला जातो. हसू नका, हा छंद माझ्यासारख्या बऱ्याच जणांना आहे. एखाद्या रिकाम्या, घुमणाऱ्या जागी जायचं, रेकॉर्डर तिपाईवर ठेवायचा, लयीत चार टाळ्या वाजवायच्या आणि तिथे आवाज कसा फिरतो, किती वेळ रेंगाळतो ते टिपून घरी आणायचं. मग कॉम्प्युटरवर असं करता येतं की घरात खाटेवर बसून वाजवलेली गिटार थेट त्या जागी वाजल्यासारखी ऐकू येते. माझ्याकडे दोन जिने, एक बोगदा, एक रिकामं कोठार आणि बंद कारखान्याची एक भट्टी जमली आहे. आई म्हणते, लोक सहलीहून फुलं आणतात, नाहीतर फोटो आणतात. हा भिंती आणतो.

पोटापाण्यासाठी मी प्रोग्रॅम लिहितो, हौसेसाठी गिटार वाजवतो, आणि दोन्ही बेतास बात. एक ना धड, भाराभर चिंध्या. दोन्ही गोष्टी मला ताईने शिकवल्या. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. व्हायोलिन वाजवायची, आणि प्रोग्रॅम असे लिहायची की वर्षभराने उघडले तरी त्यातली एक ओळ इकडची तिकडे करावीशी वाटू नये. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी बैठक असायची. ती, मी आणि ड्रमवर आमच्या ऑफिसातला टेस्टर. दुसऱ्याच्या चुका शोधणं हा त्याचा धंदाच, त्यामुळे स्वतःच्या त्याला कधी सापडल्या नाहीत.

वाजवण्याआधी कुणीतरी चार मात्रा मोजतं, म्हणजे सगळे एकदम येतात. जग मोजतं ते 'एक, दोन, तीन, चार' असं. ताई मोजायची, 'शून्य, एक, दोन, तीन.' प्रोग्रॅममध्ये रांगेतली पहिली वस्तू शून्य नंबरची असते, म्हणून. मात्रा चारच, पण 'चार' हा शब्द काही यायचा नाही. टेस्टर बिचारा त्याची वाट पाहत बसायचा आणि दर वेळी एक मात्रा उशिरा यायचा.

"अहो बाई, माणसासारखं मोजा ना जरा."

"माणसासारखंच मोजतेय. जन्मलास तेव्हा काय एक वर्षाचा होतास तू?"

यावर आम्ही बहीणभाऊ इतके हसायचो की पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागायचं.

या सगळ्या बैठका मी रेकॉर्ड केल्या होत्या. आणि त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, त्याचं नाव 'शिंपी'. सुरुवातीचं मोजणं, खाकरणं, खुर्च्या सरकवणं हे सगळं तो आपोआप कापून टाकायचा आणि रेकॉर्डिंग बरोबर पहिल्या सुरापासून सुरू होऊन शेवटच्या सुराला संपायचं. मूळ रेकॉर्डिंगं जागा खातात म्हणून शिंपी ती पुसूनही टाकायचा. मला त्याचा फार अभिमान होता.

दीड वर्षापूर्वी ताई ऑफिसातून घरी येताना अपघातात गेली. फोनही तिच्याबरोबर गेला. महिन्याभराने आई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"तिचा आवाज असेल ना रे तुझ्याकडे? वाजवलेलं नको. नुसतं बोलणं."

"असेल की. शोधतो."

शोधलं. दोनशे बारा रेकॉर्डिंगं होती आणि एकातही ती बोलत नव्हती. वाजवताना कोण बोलतं? तिचं मोजणं, टेस्टरला टोमणे मारणं, मला 'अरे गाढवा' म्हणणं, सगळं सुराच्या आधी असायचं, आणि सुराच्या आधीचं सगळं मी माझ्या हाताने कापून टाकलं होतं. हे मी आईला सांगितलं नाही. ती अधूनमधून विचारायची, मी 'शोधतोय' म्हणायचो. रविवारी घराबाहेर पडायला लागलो त्याचं खरं कारण हेच होतं.

*

गेल्या महिन्यात पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी रिकामा केल्याचं कळलं. रिकामा तलाव म्हणजे माझ्यासारख्याला पर्वणीच. तिथल्या वॉचमनना भेटून परवानगी काढली आणि शिडीने खोल भागात उतरलो. निळ्या फरश्या कोरड्या पडून पांढुरक्या झाल्या होत्या. तळाशी क्लोरिनचा वास अजून होता. बटण दाबलं, एका सेकंदाला एक अशा चार टाळ्या वाजवल्या, घुमणं विरेपर्यंत थांबलो आणि वर आलो. वॉचमन पायऱ्यांवर बसून मला न्याहाळत होते.

"झालं?"

"झालं."

"एवढ्यासाठी आलात?" ते म्हणाले, आणि मान हलवत कुलूप आणायला गेले.

घरी आल्यावर प्रोग्रॅमने टाळ्या मोजल्या. शून्य, एक, दोन, तीन, चार. म्हणजे पाच.

एकाची चूक ही आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक. मोजणी कुठून सुरू केली हे विसरलं की एक जास्त होतो किंवा एक कमी. मी तासभर कोड तपासला. कोड बरोबर होता. मग रेकॉर्डिंग ऐकलं. माझ्या रेकॉर्डरला एक सोय आहे, बटण दाबण्याआधीचे दोन सेकंदही तो धरून ठेवतो. त्या दोन सेकंदांत, माझ्या पहिल्या टाळीच्या बरोबर एक मात्रा आधी, एक आवाज होता. टाळीचा नव्हता. ओठ उघडल्यासारखा, मऊ, ओलसर. वॉचमनची बादली असेल म्हणून मी सोडून दिलं.

पुढच्या रविवारी वाचनालयाच्या गोल जिन्यात गेलो. प्रोग्रॅम म्हणाला, चार. जिवात जीव आला. मग ऐकलं.

पहिला आवाज माझा नव्हता. 'शू' एवढाच होता, श्वासातून आलेला. त्यानंतर माझ्या तीन टाळ्या. चौथी नव्हतीच. ती वाजवल्याचं मला स्वच्छ आठवत होतं, कारण चौथ्या टाळीला अंगठी बोटाला लागून कळ आली होती. रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी जिन्याची शांतता होती. लांब कुणीतरी पान उलटल्याचासुद्धा आवाज होता, पण टाळी नव्हती.

तिसऱ्या रविवारी टेस्टरकडून त्याचा रेकॉर्डर मागून घेतला आणि स्टेशनाखालच्या भुयारी रस्त्यात गेलो. सकाळी तिथे चिटपाखरूही नसतं. घरी येईपर्यंत धीर निघेना, तिथेच ओल्या भिंतीला टेकून हेडफोन लावले.

"शून्य, एक."

मग माझ्या दोन टाळ्या.

आवाज लांबून येत होता, पण 'शून्य'मधला 'न्य' तिच्यासारखा जरा ओढलेला होता. मी तिथे खाली बसून रडलो, लाज वगैरे सगळी गुंडाळून ठेवून. दीड वर्षात मी इतका सुखी झालो नव्हतो. एक म्हातारे गृहस्थ समोरून गेले. मी डोळे पुसत 'काही नाही, काही नाही' म्हणालो. त्यांनी वळून पाहिलं नाही.

चौथ्या रविवारी टेकडीवरच्या पाण्याच्या रिकाम्या टाकीत तिचे तीन आकडे आले आणि माझी एक टाळी.

प्रोग्रॅमरला एवढी वजाबाकी येते. तिची एक मात्रा वाढली की माझी एक जात होती. त्या आठवड्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी दोनदा उत्तर दिलं आणि दोन्ही वेळा साहेब म्हणाले, "कुणी बोलणार आहे का, की मीच बोलू?" लिफ्टमध्ये मी 'पाचवा' म्हणालो, कुणी दाबला नाही. टेस्टरला फोन केला तर तो "हॅलो, हॅलो" करून ठेवून देत होता. रेंजचा दोष म्हणायचं आणि पुढे जायचं, असं मी दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी दार लावून गिटार काढली. तारा हलत होत्या. आवाज मला स्वतःलाच कान लावून ऐकावा लागला.

थांबायची वेळ होती, हे मला कळत होतं. पण गुरुवारी जेवताना आई म्हणाली, "राहू दे रे, नसेल सापडत तर. मला आता तिचा आवाज नीट आठवतसुद्धा नाही. परवा आठवायला गेले तर तुझ्या मावशीचाच आला." एवढं बोलून ती ताट उचलून आत गेली. मी तिथेच ठरवलं.

*

तलावाची दुरुस्ती संपली होती. सोमवारी पाणी सोडणार होते. रविवारी दुपारी बाराला मी वॉचमनसमोर उभा राहिलो. दोनदा हाक मारली, मग त्यांच्या खांद्याला हात लावला. ते दचकले.

"तुम्ही होय! कधी आलात?"

खाली उतरलो. काचेच्या छपरातून ऊन सरळ तळापर्यंत येत होतं. बटण दाबलं. चार टाळ्या वाजवल्या, जोरात, तळहात लाल होईपर्यंत.

"वाजवा की लवकर," वॉचमन वरून ओरडले. "मला कुलूप लावायचंय."

"वाजवल्या!"

"आँ?"

मी बोटांनी चार दाखवले. ते कठड्याला धरून वाकले, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "मला नाही ऐकू आल्या." मग ते दारापासून लांब जाऊन उभे राहिले. मी बाहेर पडेपर्यंत जवळ आले नाहीत.

रेकॉर्डिंग चारच सेकंदांचं निघालं, वॉचमनचं ओरडणंसुद्धा त्यात नव्हतं.

"शून्य, एक, दोन, तीन."

जवळून. स्वच्छ. शेवटच्या 'तीन'मध्ये हसू दाबलेलं, टेस्टर आता चुकणार हे माहीत असल्यासारखं. त्यापुढे काही नव्हतं. माझी एकही टाळी नव्हती.

आई खिडकीपाशी उशीचा अभ्रा शिवत बसली होती. मी तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि बटण दाबलं.

पहिल्याच शब्दाला तिच्या हातून सुई पडली. दोन्ही हात हेडफोनवर गेले. तिने डोळे मिटले, आणि ते मिटलेले असतानाच पाणी गालांवरून खाली आलं. मला वाटलं, फेडलं. जे कापलं होतं ते परत जोडून दिलं.

चार सेकंद संपले. स्क्रीनवरची रेघ शेवटाला जाऊन थांबली.

पुन्हा लावून देण्यासाठी मी हात पुढे केला. आईने तो बाजूला सारला.

"हं," ती म्हणाली.

मग जरा थांबून, "हो गं. जेवते की वेळेवर."

मी स्क्रीनकडे पाहिलं. रेघ थांबलेलीच होती.

"गुडघ्याचं काय घेऊन बसलीस? वय झालं आता." ती हसली. दीड वर्षात ती अशी हसली नव्हती. "नाही, निळी साडी कुणाला दिली नाही. आहे कपाटात."

मी समोर बसून राहिलो. ती ऐकत होती, मान डोलावत होती, मध्येच 'अगं बाई' म्हणत होती. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं गेली. ऊन तिच्या मांडीवरून जमिनीवर उतरलं.

मग तिने डोळे उघडले, एका कानावरचा हेडफोन जरा सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मोजून कधीच झालं म्हणते. तू अजून आला कसा नाहीस?"

"आई," मी म्हणालो. "आई, ते काढ."

"मोठ्याने बोल की रे. ओठ नुसते हलवतोस."

मी ओरडलो. शेजारच्या घरातला नळ ऐकू येत होता. तिने वाट पाहिली, पदराने डोळे पुसले आणि हेडफोन पुन्हा नीट कानावर बसवला.

"रागावू नकोस गं त्याच्यावर," ती म्हणाली. "थांब, पाठवते त्याला."