कमलताईंनी वाचलेली कथा

दादरच्या झेरॉक्सच्या दुकानात सुमेधाच्या कथेचं सतरावं पान कुणा मास्तरांच्या प्रश्नपत्रिकेत गेलं. ते परत घ्यायला ती भुरभुर पावसात रस्त्यावर धावली, तर मास्तर फूटपाथवर उभे राहून ते पान वाचत होते.

"माझं पान…"

"थांबा हो. ही बाई नवऱ्याला पत्र देते की नाही?"

"ते अठराव्या पानावर आहे."

"मग तेही द्या की!"

सुमेधा दुबे जबलपूरची. आठ वर्षं परळच्या कॉलेजात हिंदी शिकवत होती, दोन कथासंग्रह नावावर होते. तरी रस्त्यात थांबून आपलं लिखाण वाचणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला. त्याचं नाव राजरत्न. वरळीच्या चाळीत तो आई कमलताईंबरोबर राहायचा, शाळेत मराठी शिकवायचा.

मग शनिवारी दोघं माटुंग्याला कॉफीला भेटू लागली.

"मी तुझ्यावर रागावली," ती म्हणायची.

"रागावले म्हण."

"रागावले."

"आता हसले म्हण…"

आणि ती हसायची.

एके दुपारी वरळीच्या कठड्यावर बसून त्याने तिला धाकट्या बहिणीचं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी अपूर्वा काविळीने गेली. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये सारखी म्हणत होती, दादा, आईला बोलाव. आई चार दिवस जागून नुकतीच घरी गेली होती. "मला वाटलं, सकाळी येईलच ती. नाही बोलावलं मी… आणि आईला सांगितलं, झोपेतच गेली. हे कुणालाच माहीत नाही, सुमेधा."

तिने त्याचा हात घट्ट धरून ठेवला.

आठवड्याभरात तिने ती कथा लिहिली. नावं बदलली, शहर बदललं. लिहिताना रडली, पण थांबली नाही. त्याला विचारायचं मात्र टाळलं.

कथा एका हिंदी मासिकात आली. स्टॉलवर मुखपृष्ठावर तिचं नाव दिसलं म्हणून राजरत्नने अंक घेतला, कौतुकाने आईला दाखवला आणि न वाचताच शाळेत गेला. हिंदीची अक्षरं मराठीचीच. कमलताईंनी ओळीखाली बोट ठेवून दिवसभर कथा वाचली.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. "आईने बोलावलंय." एवढंच बोलला.

कमलताईंच्या मांडीवर अंक उघडा होता. "ये गं, बस. सगळं नाही कळलं मला. पण 'माँ' म्हणजे आईच ना?"

"हो, काकू."

"ही पोरगी शेवटी म्हणते… माँ को मत जगाओ, थकी हुई है. हे माझी अपू बोलली होती, का तू घातलंस?"

ते वाक्य सुमेधाचं होतं. दारात राजरत्न पाठ करून उभा होता.

"बोलली होती," सुमेधा म्हणाली. "यांनीच मला सांगितलं."

कमलताईंनी डोळे मिटले. "मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग… ठीक आहे."

तो जिना उतरून खालपर्यंत सोडायला आला.

"दोन वर्षं एक खोटं सांभाळलं मी," तो म्हणाला. "आता हे दुसरं. रोज विचारेल ती, अजून काय काय बोलली?"

"राज, यापुढे तुझं काहीच लिहिणार नाही मी. शपथ…"

"लिहिशील गं." त्याचा आवाज थकलेला होता. "राहवणारच नाही तुला. म्हणूनच तर आवडलीस. पण आता तुला काही सांगायची भीती वाटते मला… आणि काही न सांगता तुझ्याबरोबर राहू कसा?"

ती पायऱ्यांकडे बघत राहिली.

आवडलीस. इतक्या महिन्यांत हा शब्द त्याने पहिल्यांदाच उच्चारला होता. तिने मान वर केली, तोवर तो जिना चढून गेला होता, आणि वर कमलताई त्याला हाक मारत होत्या.