कोण बसणार सायकलवर?

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याने किंमत विचारली नाही की रंग विचारला नाही. सरळ एका सायकलीपाशी उकिडवा बसला आणि चाकाला कान लावला.

"डॉक्टर आहात का?" मी विचारलं.

"शू..." त्याने ओठांवर बोट ठेवलं. "जरा पॅडल फिरवता?"

मला माझ्याच दुकानात कुणी गप्प केलेलं खपत नाही. तसं दुकान मालकांचं, पण घरात बसून चालवायच्या सायकली विकता विकता मला तिथे सहा वर्षं झाली होती, आणि मालकसुद्धा मला वचकून असत. तरी मी मुकाट्याने पॅडल फिरवलं. बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याचे केस ओले होते आणि एक थेंब कानामागून मानेवर उतरत होता. तो कॉलरमध्ये नाहीसा होईपर्यंत मी पाहत राहिले.

"हिची साखळी फार बोलते," तो उठत म्हणाला. "मला मुकी सायकल हवी. घरासाठी. मी पुस्तकं वाचतो ना... म्हणजे मोठ्याने. लोकांना ऐकायला. शेजारच्या खोलीत टाचणी पडली तरी माझ्या माइकला कळतं."

काय आवाज होता! या माणसाने औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचली असती तरी मी हातातलं काम टाकून ऐकली असती.

आमच्या धंद्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो – सायकलवर बसणार कोण? बाकी सगळं त्यानंतर. घाम गाळायचा असेल त्याची सायकल वेगळी, पोट कमी करायचं असेल त्याची वेगळी, गुडघे धरले असतील त्याची तर अगदीच वेगळी. नवऱ्यासाठी घेतलेल्या सायकलवर बायको बसते आणि चार दिवसांनी त्या सायकलवर टॉवेल वाळत पडतात. मी विकलेल्या एकाही सायकलवर आजवर टॉवेल पडलेला नाही, असं मी नाक वर करून सांगत असे.

आणि त्या दिवशी तो प्रश्न मी विचारलाच नाही. मी त्याच्याकडे बघत होते. उत्तर समोर उभं आहे, असंच वाटलं मला.

"या इकडे. सरळ उभे राहा. सीट कमरेच्या हाडाला लागली पाहिजे."

तो काहीतरी सांगणार होता. तोंड उघडलंही होतं. पण मी सीट वर ओढून त्याच्या कमरेशी नेली, आणि त्याने ते... मिटलं.

कोपऱ्यात एक करडी सायकल होती. मधला दांडा अगदी खाली, पाय उचलून टाकायची गरज नाही. साखळीऐवजी बेल्ट. जोर कमी-जास्त व्हायचा तो चुंबकाने, म्हणजे घासायला काही नाही आणि आवाजही नाही. त्याने कान लावला. मी पॅडल फिरवलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

सायकल सापडली होती. दहा मिनिटांत! आता हा पैसे देणार, पत्ता लिहून देणार आणि जाणार. लोक आयुष्यात अशी सायकल एकदाच घेतात.

"ही नको," मी म्हणाले. "हिचा बेल्ट आठवड्यात कुरकुरायला लागतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलले होते. तो माझ्याकडे पाहत राहिला... जरा जास्तच वेळ.

"असं होय? मग नकोच. नवीन काही येणार आहे का?"

"येत्या मंगळवारी या."

त्या मंगळवारची वाट मी किती पाहिली ते सांगितलं तर तुम्ही हसाल. त्याने वाचलेली पुस्तकं मी शोधून काढली. बसमधून जाता-येता कानात घालून ऐकत होते. एक मधमाश्या पाळण्याबद्दल होतं. माश्या मला मुळीच आवडत नाहीत, पण तो "राणीमाशी" म्हणायचा तेव्हा मला उगीचच आपलं नाव घेतल्यासारखं वाटायचं. दोनदा माझा थांबा चुकला.

मंगळवारी मी त्याला व्यायामाच्या स्टुडिओत असते तसली सायकल दाखवली. जड चाक, बारीक सीट.

"हिच्यावर पुढे वाकून बसायचं," मी सांगितलं.

"मग बघायचं कुठे?"

"समोर. भिंतीकडे."

"भिंतीकडे मी दिवसभर बघतोच. जरा बरं काहीतरी द्या ना बघायला."

मी फडकं घेऊन हँडल पुसायला लागले. ते सकाळीच पुसलेलं होतं.

त्यापुढच्या मंगळवारी पाठ टेकून चालवायची सायकल काढली. तो ऐसपैस बसला आणि डोळे मिटून म्हणाला, "ही तर आरामखुर्ची. झोप लागेल. त्यात शेजारच्या खोलीतून माझं वाचन... मग तर विचारूच नका."

"मला नाही लागत झोप," मी बोलून गेले.

त्याने एक डोळा उघडला. "तुम्ही ऐकता?"

"म्हणजे... एकदा. चुकून लागलं."

"कोणतं?"

"माश्यांचं."

"ते नऊ तासांचं आहे," तो म्हणाला. "चुकून?"

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. तो हसला नाही, एवढी मात्र माणुसकी दाखवली.

तिसरा मंगळवारही असाच गेला. चौथ्या मंगळवारी तो आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"आज आईलाच घेऊन येणार होतो," तो म्हणाला. "पण तिला जिना उतरवेना."

"आईंना कशाला त्रास?"

"बसणार तीच ना..." आणि तो थांबला.

मग त्याने सगळं सांगितलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. टाके निघाले की लगेच सायकल सुरू करा, असं डॉक्टर म्हणाले होते. पहिल्या तीन महिन्यांत गुडघा वाकला तर वाकला, मग तो हट्टाला पेटतो. काल तपासणी झाली. गुडघा काटकोनाच्या पुढे जात नव्हता. पॅडलचा पूर्ण फेरा मारायला त्याहून बरंच जास्त वाकावं लागतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"तुम्ही पहिल्या दिवशी माझंच माप घ्यायला लागलात," तो खाली बघत म्हणाला. "मला सांगवलं नाही. मग पुढच्या वेळी सांगू, पुढच्या वेळी सांगू..."

मला कुणीतरी थोबाडीत मारावी असं वाटलं. मी कोपऱ्यातली करडी सायकल ओढत पुढे आणली.

"ही घेऊन जाऊ. आत्ताच. हिचा बेल्ट कुरकुरत नाही. कधीच कुरकुरणार नाही. मी खोटं बोलले होते."

"माहीत आहे," तो म्हणाला. "माझं पोट कानांवर चालतं. मला त्याच दिवशी कळलं होतं."

एरवी हे ऐकून मी हवेत तरंगले असते. त्या क्षणी आम्ही दोघं एकमेकांकडे बघूही शकलो नाही.

सायकल मी स्वतः टेम्पोत घालून नेली. दुसरा मजला, अरुंद जिना. त्याच्या आई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, पाय समोर स्टुलावर. शेजारी पायाने चालवायचं शिलाई मशीन, त्यावर झाकण. चाळीस वर्षं त्यांनी याच मशीनवर गावभरचे कपडे शिवले होते. झाकणावर धूळ होती.

मी सीट नेहमीपेक्षा दोन खाचा वर घेतली, म्हणजे गुडघ्याला कमी वाकावं लागतं. त्यांना हात धरून बसवलं. पॅडल अर्ध्यावर गेलं आणि अडलं. त्यांनी ओठ दाबून पुन्हा जोर लावला. पुन्हा तिथेच.

"मागे घ्या, काकू. मग पुढे. झोका दिल्यासारखं. पूर्ण फिरवायची घाई नको."

"घाई?" त्या म्हणाल्या. "महिना झाला, वाट बघतेय मी. रोज हा सांगतो, योग्य सायकल मिळत नाही म्हणून."

मग मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं – बेल्ट, खोटं, मंगळवार. "यांनी परत यावं म्हणून केलं मी," असं शेवटी म्हणाले, आणि ते त्याच्यासमोर पहिल्यांदा बोललं जात होतं हे म्हटल्यावर लक्षात आलं.

काकूंनी आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे महिनाभर माझ्या गुडघ्याच्या जिवावर गप्पा मारल्यात तुम्ही दोघांनी!"



"पॅडल पूर्ण फिरेपर्यंत मी तोंड दाखवणार नाही," मी म्हणाले.

"नकोच दाखवूस," त्या म्हणाल्या. "आणि तूही रे, दुकानाकडे फिरकायचं नाहीस, कळलं?"

सीट कधी आणि किती खाली घ्यायची ते मी त्याला दाखवलं. पान्हा देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. तेवढंच.

पुढचे एकोणीस दिवस कसे गेले ते मला विचारू नका. मंगळवार आले आणि गेले. दाराची घंटी वाजली की मान वर जायची आणि कुणीतरी भलताच पोट कमी करायला आलेला असायचा. त्याचं नवं वाचन रोज थोडं थोडं येत होतं. बसमध्ये मी ते ऐकत असे, पण शब्द नव्हे. दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत पलीकडच्या खोलीतून काही येतंय का, ते शोधत असे. पॅडल अडलं का? फिरलं का? काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. इतकी मुकी सायकल मी विकली होती आणि मला तिचाच राग येत होता. त्याची आठवण छातीत दुखल्यासारखी यायची. आणि त्या दुखण्यात काकूंचा गुडघा मिसळलेला असायचा, म्हणून नीट रडताही येत नव्हतं.

विसाव्या दिवशी सकाळी अकराला फोन वाजला.

"फिरलं गं!" काकू ओरडत होत्या. "पूर्ण फिरलं! सात वेळा! आता येतेस, की मी जिना उतरून येऊ?"

माझ्यासमोर एक गिऱ्हाईक कमरेला सीट लावून उभं होतं. त्याला तसंच मालकांच्या हवाली करून मी पळत सुटले.

दार त्याने उघडलं. बारीक झाला होता, दाढी वाढली होती. आत काकू सायकलवर बसलेल्या, कपाळावर घाम, पाय गोल फिरतायत... सावकाश, पण गोल.

"मागे गर्दी करू नका, माझं मोजणं चुकतं," त्या मान न वळवता म्हणाल्या. "बाहेर उभे राहा दोघं."

आम्ही जिन्यात आलो. तो कठड्याला टेकला. मी भिंतीला.

"दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं वाचतो मी," तो म्हणाला. "तुम्हाला सांगायला एक स्वतःचं तयार केलं होतं. एकोणीस दिवस घोकलं. आता... आठवत नाही."

"मग न घोकलेलं सांगा."

तो कठड्यापासून सरळ झाला.

"मला तुम्ही आवडता. आई घरात बसून कळा सोसतेय हे ठाऊक असताना मी तुमच्या दुकानात हसत बसलो – इतक्या आवडता. त्याची मला लाज वाटते. आणि तरीही आवडता."

त्याचा तो आवाज, लाखो माणसं ऐकतात तो, चक्क कापत होता.

"मलाही लाज वाटते," मी म्हणाले. "आणि मलाही... तुम्हीच."

त्याने माझा हात हातात घेतला. आत काकू मोठ्याने मोजत होत्या – तेवीस, चोवीस, पंचवीस... त्या थांबेपर्यंत आम्ही तिथेच उभे राहायचं ठरवलं, आणि त्या बराच वेळ थांबल्या नाहीत.