सुजितच्या डॅमवरचं फाटक

"पिकनिकला ये, पण रुचाला आणू नकोस. त्या डॅमला कुंपण नाहीये," मैत्रीण लीनाने चारुताला फोनवर बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. आजोळी अंगणातच उघडी विहीर होती, म्हणाली, मी पडले का कधी त्यात?

डॅम म्हणजे काही मोठं धरण नव्हे. सिडनीजवळच्या वॉलॉंगॉंगच्या मागचा डोंगर चढून गेलं की सुजितचं छोटंसं रान होतं, आणि त्यात मातीचा बांध घालून अडवलेलं तपकिरी पाणी. काठाला एक लाकडी धक्का, दोन कयाक होड्या, झाडाला टांगलेला टायर. रविवारची बुद्धवंदना आटोपली की ओळखीची मराठी मंडळी डबे घेऊन तिथे जमायची. चारुता राहायला सिडनीतल्या टूनगॅबीला, कामाला वेस्टमीडच्या एका लॅबमध्ये. नवऱ्यापासून वेगळी झालेली, कडेवर दोन वर्षांची रुचा. हल्ली कुणी गोड बोललं की तिला आधी संशयच यायचा.

त्या दिवशी ती रानात आली आणि तिने मागचं फाटक नीट कडी घालून लावलं. थोड्या वेळाने गाई हंबरायला लागल्या. मग चिखलाने माखलेले बूट घातलेला एक उंच माणूस तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"फाटक तुम्ही लावलंत?"

"हो. उघडं होतं."

"मीच ठेवलं होतं. शेजाऱ्याच्या गाई पाण्यावर येतात. आता गाई तिकडे, पाणी इकडे... आणि मध्ये तुम्ही."

"मग पाटी लावायची ना."

"पुण्याच्या का?" तो हसला. "इथे पाटी नसते. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं, एवढंच."

ती कानापर्यंत लाल झाली. आणि तिच्या लक्षात आलं — या माणसाच्या हसण्याचा तिला संशय आला नव्हता.

पुढच्या रविवारी ती आली, त्याच्या पुढच्याही. तो उंच माणूस म्हणजेच सुजित, मूळचा नागपूरचा, इंजिनीअर. आठवडाभर ऑफिसात मान मोडायची आणि शनिवारी इथे येऊन बांधावरचं गवत कापायचं. आठवड्याभरात कधी त्याचा फोन यायचा, म्हणे डॅमवरची बदकं रुचाची चौकशी करतायत. रुचाने त्याला 'सुजी' करून टाकलं होतं. उन्हाळा चढला तसं त्याने चारुताला पाण्यावर तरंगायला शिकवायचं मनावर घेतलं. वरचं पाणी कोमट, पायाशी मात्र गारठा. तिच्या डोक्याखाली त्याचा तळवा, हवेत निलगिरीचा उग्र वास...

"मान सोड, चारू."

"मान सोडली तर सगळंच सुटेल."

"सुटू दे की. मी आहे."

तिने मान सोडली. कानात पाणी शिरलं, जग मुकं झालं, आणि वर फक्त आकाश आणि त्याची हनुवटी. कितीतरी महिन्यांनी तिला झोप आल्यासारखं वाटलं.

लोक अंगठी आणतात, सुजितने खांब आणि जाळी आणली. रानातल्या आपल्या छोट्या घराच्या अंगणाला सगळीकडून कुंपण घातलं, डॅमच्या बाजूला एक फाटक बसवलं आणि घामाघूम होऊन तिच्यासमोर येऊन म्हणाला, "रुचासाठी केलंय. आता तिची आई इथे राहायला आली तरी... माझी हरकत नाही."

"आईला विचारून सांगते," चारुता म्हणाली, आणि त्याच्या दंडावरचा चिखल ओढणीने पुसत राहिली.

मार्चमधली ती दुपार. सुजित कयाक काठावर न्यायला म्हणून नव्या फाटकातून बाहेर पडला. दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे फाटक उघडंच. मागून चारुता टॉवेल घेऊन निघाली. तिला फाटक उघडं दिसलं. जसं सापडलं तसं... ती स्वतःशीच हसली आणि तसंच ठेवून पुढे गेली. सुजितने तिला येताना पाहिलं आणि निर्धास्त झाला. ही काही कडी घातल्याशिवाय येणार नाही, एवढं तो तिला ओळखत होता. ती त्याच्या सवयीने वागली होती, आणि तो तिच्या भरवशावर. व्हरांड्यात चटईवर झोपलेली रुचा केव्हा उठली, कुणालाच कळलं नाही.

बदकं एकदम उडाली म्हणून सुजितने वळून पाहिलं. कडेच्या उथळ पाण्यात पालथी रुचा, गुलाबी फ्रॉक. त्यानेच तिला बाहेर काढलं, त्यानेच तिच्या छातीवर दाब देऊन श्वास परत आणला. रुचा वाचली. काही दिवस दवाखान्यात काढून ती हसत-खोकत उठून बसली, आणि तिने पहिलं नाव घेतलं ते सुजीचं.

तो मात्र दवाखान्याच्या कारपार्कच्या पुढे आलाच नाही. शेवटी चारुता खाली गेली.

"वर चल. ती विचारतेय तुला."

"मी उघडं ठेवलं, चारू."

"आणि मी बघूनही लावलं नाही."

"मग आपण एकमेकांकडे बघायचं कसं? सांग ना."

माझं प्रेम आहे तुझ्यावर, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण त्याच्या हातांकडे नजर गेली आणि तिला तपकिरी पाणी दिसलं, गुलाबी फ्रॉक दिसला. तिने नजर बाजूला वळवली. त्याने मान हलवली आणि तो गाडीत जाऊन बसला.

नंतर लीनाकडून कळलं की त्याने भाड्याने यंत्र आणून बांध फोडला, पाणी सोडून दिलं. रविवारी आता तिथे कुणी जात नाही. नोकरीवर जातो की नाही, माहीत नाही. चारुताचा फोन तो उचलत नाही. आणि रात्रभर रुचाच्या नाकाशी बोट धरून बसणाऱ्या चारुताला त्या डोंगराचा रस्ता चढवत नाही. एकदा ती ट्रेनने वॉलॉंगॉंगपर्यंत गेली, प्लॅटफॉर्मवर बसून राहिली आणि आल्या पावली परत आली.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. त्या बाजूला कुणी राहत असाल तर एकदा सुजितकडे जाऊन या. रुचा धावते, भांडते, हे त्याला सांगा. चारुताला जे बोलता आलं नाही, तेही सांगा. तो दारातच उभा राहील आणि 'नो वरीज' म्हणेल. त्याचं ऐकू नका. आत जा, चहा टाका आणि तो पिईपर्यंत त्याच्याजवळ बसा.