बोगद्याची दोन टोकं

बोगद्यातून एक माणूस शिट्टी वाजवत बाहेर आला, आणि ठिणगीच्या हातातला झाडू आपोआप वर गेला.

"थांबा! एक पाऊल पुढे टाकलंत तर—"

"नाही टाकत." त्यानं दोन्ही हात वर केले. एका हातात किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला. "पण मग मागे जायचं का? मागे फार अंधार आहे हो… भीती वाटते."

तिला हसू फुटत होतं. ते तिनं कसंबसं दाबलं.

"या बोगद्यातून कुणी येत नाही."

"मी आलो की."

"म्हणूनच झाडू उचलला!"

तो चौकातला नवा किल्लीवाला होता. ती गल्लीतली शिवणकाम करणारी. तिचं खरं नाव वेगळंच होतं, पण अंगानं एवढीशी आणि भडकायला वेळ लागत नाही, म्हणून गल्लीनं तिला ठिणगी करून टाकलं होतं. आज ती दुकानाबाहेरचं अंगण झाडता झाडता थेट बोगद्याच्या तोंडापर्यंत आली होती. मुद्दामच.

रेल्वेरुळांखालून जाणारा तो बोगदा म्हणजे वस्तीची जुनी वाट. पलीकडे बाजार, दवाखाना, शाळा. पण आतले दिवे फुटले, कचरा साचला, आणि चोरांचं फावलं. शेवटी पिशवी हिसकावताना कुणीतरी ठिणगीच्या आत्याला ढकललं. मोडलेला हात जुळून आला, पण आत्याची हिंमत काही जुळली नाही. जिनं आईविना ठिणगीला वाढवलं, अख्खी वस्ती पालथी घालत भाजी आणली, ती आत्या आता दाराबाहेर पडेना. आणि नगरपालिका म्हणत होती, दोन्ही तोंडांशी भिंत घालून बोगदा कायमचा बंद करू.

वस्तीची सभा भरली तेव्हा बहुतेकांनी सुस्कारा सोडला. बरं होईल, कटकट मिटेल.

ठिणगी उठून उभी राहिली. "काय मिटेल? आत्या पडली म्हणून आपण आपलीच वाट बुजवायची? तिथं माणसं नाहीत म्हणून चोर आहेत. आपण जाऊन बसू तिथं."

"बसणार कोण?" वाणीकाकांनी विचारलं.

"मी. उद्यापासून माझं मशीन बोगद्याच्या तोंडाशी."

"आणि पलीकडच्या टोकाला?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. ठिणगीचे कान लाल झाले. तेवढ्यात मागच्या रांगेत एक हात वर झाला, किल्ल्या खुळखुळल्या.

"मी बसतो," किल्लीवाला म्हणाला.

"चौकातली एवढी चालती जागा सोडून?" वाणीकाका उडालेच.

"चौकात फार धूळ आहे हो," तो म्हणाला, आणि त्यानं ठिणगीकडे पाहिलं. क्षणभरच. तिनं उगाच पदराशी चाळा केला… मग स्वतःवरच चिडली.

सुरुवातीला वस्ती लांबून मजा बघत होती. मग न्हाव्यानं आपली खुर्ची बोगद्याशी आणली. वाणीकाका कॅरम घेऊन आले आणि त्यांच्यामागून निम्मी म्हातारी मंडळी. बायकांनी कचरा उपसला, भिंती पिवळ्याधमक रंगवल्या. शेजारच्या वायरमननं दिवे लावले. दोनदा कुणीतरी ते फोडले. दोन्ही वेळा वस्तीनं दुसऱ्याच दिवशी नवे बसवले. त्यानंतर मात्र फोडणारे फिरकले नाहीत. बाजारातून येणाऱ्या पोरींना किल्लीवाला मान उचलून विचारी, "घरी का?" आणि या टोकाला ठिणगी म्हणे, "आलात?" एवढंच. पण त्या एवढ्यावर पोरी निर्धास्त चालू लागल्या.

किल्लीवाल्याच्या शर्टाची बटणं मात्र फार तुटायला लागली.

"हे मी कालच लावलं होतं," ठिणगी म्हणाली.

"दोरा कच्चा असेल."

"दोरा माझा आहे."

"मग बटणच नाठाळ."

"हे कात्रीनं कापलंय! मला शिकवता?"

तो मान खाली घालून हसला. "दुसरं काय निमित्त काढू… तुम्हीच सुचवा."

तिनं सुई उगाचच जोरात ओढली. पण बटण फार सावकाश लावलं.

भिंतीचं पक्कं करायला नगरपालिकेच्या इंजिनिअर बाई आल्या, त्या ऐन संध्याकाळी. कॅरम रंगात आलेला, न्हाव्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक, पोरींची ये-जा. बाई थबकल्याच.

"हे सगळं… कुणी केलं?"

अख्ख्या वस्तीनं ठिणगीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "खोटं बोलतात. सगळ्यांनी केलंय."

"पण सुरक्षित आहे कशावरून?"

"मी सांगते." मागून आवाज आला. ठिणगीनं वळून पाहिलं, आणि हातातलं कापड गळून पडलं. आत्या! केस विंचरलेले, पायात ठेवणीतली चप्पल. "इथं मी पडले होते, बाई. बघा आता."

ती निघाली. एकटीच. ठिणगी धावणार, तोच आत्यानं हातानं थांबवलं. कॅरमच्या सोंगट्या जागच्या जागी राहिल्या. मधोमध, जिथं पडली होती तिथं, ती जराशी थांबली… आणि पुढे गेली. पलीकडे किल्लीवाल्यानं उठून तिला आपलं स्टूल दिलं.

बाईंनी चष्मा पुसला. "भिंत नको," त्या म्हणाल्या. "तसा अहवाल मी देते."

मग जो गलका उठला! ठिणगीचा ऊर भरून आला. ती आत्याला आणायला बोगद्यात शिरली. समोरून किल्लीवाला येत होता. दोघं मध्यावर भेटले.

"आत्या म्हणतात, त्यांना आणखी थोडं बसायचंय. बाजार बघायचाय."

"बसू दे." तिचे डोळे भरले होते. "तुम्ही त्या दिवशी हात वर केला नसता तर—"

"मी वस्तीसाठी नव्हता केला," तो अगदी हळू म्हणाला. "तुम्ही एकट्या उभ्या होतात ना… बघवलं नाही. वस्ती नंतर आवडली. तुम्ही त्याआधीच. माझ्याशी… लग्न कराल?"

तो कुजबुजला खरा, पण रिकाम्या बोगद्यात कुजबूजसुद्धा दोन्हीकडे घुमत गेली.

"अगं, उत्तर दे की!" पलीकडून आत्या ओरडली. "आम्ही ऐकतोय!"

अलीकडे वाणीकाका जोरात खोकले.

किल्लीवाल्याला कुठं लपू असं झालं. ठिणगी मात्र लपली नाही. तिनं मान ताठ केली आणि दोन्ही टोकांना नीट पोचेल अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

"हो! याच्याशीच करणार!"