क्लचवरचा ठोकळा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत माझं लेथचं शेड आहे. वडिलांनी, सुग्रीव फिटरनी, सुरू केलेलं. ते गेल्यापासून मी चालवते. इथल्या भट्ट्यांसाठी परदेशातून कंटेनर भरभरून भंगार येतं. त्यातला एखादा चांगला शाफ्ट, एखादं बेअरिंग वितळायच्या आत उचलून आणायचं, हा माझा मंगळवारचा ठरलेला उद्योग. गेल्या वर्षी पोळ्यानंतरच्या मंगळवारी मी तशीच यार्डात गेले होते. पिळलेल्या सळयांच्या ढिगाखाली ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, रिबिटांनी जोडलेला एक लांबट सांगाडा दिसला. मागच्या बाजूला इंजिन. उंची माझ्या कमरेपेक्षाही कमी.

फोटो काढून पुण्यातल्या, जुन्या गाड्यांच्या एका जाणकाराला पाठवले. तासाभरात त्याचाच फोन आला.

"ही चोवीस तासांच्या शर्यतीतली गाडी आहे. एकाहत्तर साल. नमुना म्हणून सहाच बनवल्या होत्या. काहीही करा, पण वितळू देऊ नका."

सांगाड्यावर ठोकलेला नंबर मी बोटानं पुसून त्याला वाचून दाखवला. शेवटचा आकडा सहा होता.

मी ती वजनावर घेतली आणि टेम्पोत घालून आणली. वडिलांचे जोडीदार अप्पाराव अजून माझ्याकडे वेल्डिंग करतात. त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली बघितलं.

"शोभेला ठेवायची का, पोरी?"

"चालवायची, अप्पाकाका."

"कोण चालवणार?"

"मीच."



दिवाळी गेली, संक्रांत गेली. गिऱ्हाइकांची कामं संपली की दुपारी दोन तास गाडीचे. इंजिन सगळं खोललं. दोन व्हॉल्व्ह वाकले होते, त्यांच्या जागी मी स्वतः नवे कातले. पत्र्याचे पोचे अप्पारावांनी लाकडी हातोडीनं एकेक करून काढले. बाकी सगळं जमत आलं, पण तीन गोष्टी मुळातच नव्हत्या: पुढचं डावं चाक, स्टिअरिंग आणि पायातल्या पेडलांचा संच. त्या ओतून, कातून करायच्या असं ठरवून मी नकाशे काढायला घेतले.

जानेवारीत आष्टीला नंदाबाईंच्या शेतात कडबा कुट्टीचं यंत्र दुरुस्त करायला गेले होते. काम झाल्यावर हात धुवायला रांजणापाशी वाकले, आणि तशीच थांबले. रांजण एका चाकावर बसवलेला होता. चाक गाडीच्या बाकीच्या तीन चाकांसारखंच होतं. पाच पाती, मधे एकच मोठा नट बसायची जागा.

"हे कुठून आणलं?"

"माझी सासू नांदायला आल्ती तवा बी हितंच व्हतं." नंदाबाईंनी कंबर कसून रांजण कलता केला, पाणी आळ्यात सोडलं. "घिऊन जा. सासू म्हनायची, न्यायला यील कुनीतरी, आडवू नको."

मी अजून मागितलं नव्हतं.

शेडमध्ये चाक घासल्यावर नंबर निघाला. शेवटचा आकडा सहा. तरीही मला वाटलं, नंबर काय, जुळूही शकतो. पण चाक हबवर चढवताना हबच्या पाच खुंट्यांपैकी एक थोडी वाकलेली होती, आणि चाकाच्या पाच भोकांपैकी एक नेमकं त्याच बाजूनं झिजलेलं होतं. चाक हातानंच आत सरकलं.

अप्पाराव मागे उभे होते.

"गाडी आल्ती मागल्या साली, समुद्रावरून," ते म्हणाले. "चाक पन्नास वर्सं आष्टीत. हिशोब सांग मला."

"सापडेल काहीतरी कारण."

"सोडून दे, पोरी. मला बराबर वाटून न्हाई राह्यलं."

"अर्धं काम सोडायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

कारण मी खरंच शोधलं. जुन्या माणसांना विचारलं, जालन्यातल्या दोन जुन्या गॅरेजवाल्यांना विचारलं. अशी गाडी या भागात कुणी पाहिली नव्हती. फेब्रुवारीत अंतरवाली सराटीला कल्याणच्या हॉटेलात चहाला थांबले. भट्टीमागच्या खिळ्याला स्टिअरिंग टांगलेलं होतं, त्यावर ओला पंचा. मी बघतेय हे कल्याणनं पाहिलं. त्यानं पंचा काढला, स्टिअरिंग पेपरात गुंडाळलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"आजोबानं ठिवल्तं. आता किती राह्यलं?"

"पेडल," मी म्हणाले.

पेडल शोधायला मला जावं लागलं नाही. आठ दिवसांनी भर दुपारी एक म्हातारी शेडच्या दारात उभी राहिली. खांद्यावर घोंगडी, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी जड. नाव गोपिकाबाई, परतूर रस्त्याला मेंढरं राखते, एवढंच तिनं सांगितलं. बसली नाही. पाणीही घेतलं नाही.

"पाय दाव तुजा," ती म्हणाली. "डावा."

माझा डावा पाय पोलिओनं दोन इंच आखूड आहे. इथवर ते सांगायची गरज पडली नव्हती. वीस वर्षं मी लोकांच्या गाड्या नीट करतेय, पण क्लच पूर्ण दाबता येत नाही म्हणून एकही रस्त्यावर चालवलेली नाही.

मी साडी जरा वर धरली. तिनं तो आखूड पाय नीट बघितला आणि गाठोडं सोडलं.

पेडलचा संच होता. तीनही. क्लचच्या पेडलावर ॲल्युमिनियमचा एक ठोकळा वेल्ड केलेला होता. वेल्डिंग जुनं होतं, काळं पडलेलं. अप्पारावांनी जाडी मोजायला व्हर्नियर लावला आणि आकडा न सांगताच तो माझ्या हातात दिला.

दोन इंच.

म्हातारी गेली होती. त्या दिवशी अप्पारावांनी पुढे काम केलं नाही. मी केलं. संध्याकाळपर्यंत पेडल बसवून, तारा ओढून झाल्या. आत बसून क्लच दाबला. तो शेवटपर्यंत गेला. मी रडले, हे खरं आहे. भीतीनं नाही.

परतूरकडे एक नवा रस्ता झालाय, अजून खुला नाही. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी दहाला टेम्पोतून गाडी तिथं उतरवली. कुणालाही सांगितलं नव्हतं. अप्पाराव टेम्पोपाशी थांबले.

इंजिन दुसऱ्या झटक्यात लागलं. पहिला गिअर. दुसरा. दोन्ही बाजूंच्या कापसाच्या पऱ्हाट्या मागे पळायला लागल्या, वारा तोंडावर आदळायला लागला. तिसरा. चौथा. पाय कुठेच कमी पडत नव्हता. मी मोठ्यानं हसत होते.

चौथ्या किलोमीटरवर माणसं दिसली.

रस्त्याकडेला उभी होती. नंदाबाई. कल्याण. गोपिकाबाई. आणखी पाचसहा अनोळखी.

मी वेग कमी केला, हात वर केला. कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. सगळे माझ्या मागे, मी आले त्या दिशेला बघत होते.

गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

आवाज बंद झाला नाही.

तोच, माझ्याच इंजिनाचा, लांबून येत होता, पाठीमागून. वळणापाशी गिअर उतरला, मग चढला, मघाशी मी बदलला होता तसाच. मागे वळून पाहिलं. रस्ता पार वळणाच्या पलीकडेपर्यंत रिकामा होता.

गोपिकाबाई जवळ आली.

"कडंला घे, माय," ती हळूच म्हणाली. "वाट मोकळी सोड."

मी खाली उतरले. नंदाबाई आणि कल्याण मागून हात लावायला आले. गाडी कुठवर ढकलायची, हे दोघांना बरोबर ठाऊक होतं.