पाण्याची पट्टी

खोकला विषाणूंचा की जिवाणूंचा, हे सांगणारी पट्टी आमच्या दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. तिच्यावर रक्ताचा थेंब टाकायचा. निळी रेघ आली तर विषाणू, आराम करा. लाल आली तर जिवाणू, अँटिबायोटिक घ्या. रोज सकाळी मी आधी एका पट्टीवर बाटलीतलं शुद्ध पाणी टाकतो. ती कोरी राहिली की पट्ट्या धड आहेत. पाणी आजारी पडत नाही, असा विज्ञानाचा समज आहे.

सोमवारी पाण्याला निळी रेघ आली. पहिला पेशंट पोस्टमन, त्यालाही निळी. मंगळवारी पाणी लाल, आणि पहिली आलेली शिंपीणबाईही लाल.

"पट्ट्यांचा डबा बदल," डॉक्टर म्हणाले.

बदलला.

"आता?"

"पाणी अजून आजारीच आहे."

ते माझ्याकडे रजा मंजूर केल्यासारखं बघत राहिले.

बुधवारी पाण्याची रेघ गर्द लाल होती. पहिली पेशंट आली ती माझी ताई. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. पालथा हात कपाळाला लावून ती ताप सांगते, थर्मामीटरला 'काचेची कांडी' म्हणते. त्या दिवशी तिला पायऱ्या चढवत नव्हत्या.

तिची रेघ निळी आली.

"विषाणू. घरी जाऊन आराम करा," डॉक्टर म्हणाले.

"पाणी लाल म्हणतंय," मी म्हणालो. "एक्स-रे काढा ना. काही निघालं नाही तर मला हाकला."

"हाकलाच," ताई धापा टाकत म्हणाली. "घरी भांडी तरी घासेल."

एक्स-रेत न्यूमोनिया निघाला. औषध लगेच सुरू झालं. "रेघेला कधी कधी उशीर होतो," डॉक्टर म्हणाले. "आज घरी गेल्या असत्या तर..." मी त्यांचा आभारी आहे. एक्स-रेवाल्याचा आहे. बाटलीचाही.

बरी झाल्यावर ताई लॅबमध्ये आली. "कुठंय तुझी पाणीदार डॉक्टरीण? आभार मानू दे."

मी बाटली दाखवली. तिनं सवयीनं पालथा हात लावला. तिचं हसू थांबलं.

"अरे, हिला ताप आहे."

मी हात लावला. होता.

ताईनं रुमाल नळाखाली भिजवला, पिळला, घडी करून बाटलीवर ठेवला. लहानपणी माझ्या कपाळावर ठेवायची तसा.

तेव्हापासून ही पाण्याची पट्टी मीच बदलतो. रुमाल बघता बघता वाळतो.

आज वाळला नाही. उलट ओलाचिंब झाला.

ताप उतरताना घाम येतो, ताई म्हणते.

मी रुमाल जिभेला लावून पाहिला.

खारट.