शंका शेवटी

रात्रीची गोष्ट हवी असेल तर इथेच थांबा. हे भर दुपारी घडलं. खिडकीतून ऊन टेबलावर आलेलं, खाली कोणीतरी गाडी धूत होतं... आणि तरी माझ्या मावशीचे हातपाय गार पडले. खोटं वाटलं तर वाटू दे. मावशी सख्खी आहे, कायदा शिकवते, आणि पुराव्याशिवाय ती शेजारच्या मांजरावरही आळ घेत नाही.

कायद्याच्या कॉलेजात ती करार शिकवायची. तास ऑनलाइन. मुलं घरून जोडलेली, कॅमेरे बंद. तासाचं रेकॉर्डिंग व्हायचं आणि कॉलेजच्या साइटवर, नोट्स आणि सराव प्रश्नांच्या शेजारी जाऊन बसायचं. परीक्षा आली की मुलं तेच लावून बसायची.

रेकॉर्डिंग साफ करणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे 'कात्री' म्हणत. खोकला, दाराची बेल, कुत्र्याचं भुंकणं, सगळं कापायचा. बोलण्यातल्या रिकाम्या जागा तर त्याचं सॉफ्टवेअर आपोआप काढायचं. आवाज नाही दिसला की उडाली जागा!

मावशीची एक लकब होती. मुद्दा संपला की विचारायची, "काही शंका?" जरा थांबायची. मग म्हणायची, "मौन म्हणजे संमती. चला पुढे!"

मुलं खो खो हसायची. कारण करार कायदा नेमकं उलटं सांगतो. समोरचा गप्प बसला म्हणून त्याने होकार दिला असं होत नाही. हे शिकवायची तीच, आणि म्हणायचीही तीच.

वर्गात एक मुलगी होती, शंकासुर. नाव मावशीनेच ठेवलेलं. पोरगी हुशार, बडबडी, आणि लहानपणापासून दम्याची. आई कामावर गेली की घरात एकटी. दर दोन वाक्यांना पडद्यावर तिचा तो प्रश्न विचारायचा पिवळा हात वर.

"शंकासुरा, शंका शेवटी!" असं म्हणून मावशी तिचा हात खाली करायची. शिक्षकाकडे तसं बटणच असतं.

त्या दिवशी मौन आणि होकार हाच धडा होता. मावशी रंगात आलेली. शंकासुराचा हात वर झाला. मावशीने खाली केला. पुन्हा वर. पुन्हा खाली. मग माइकच चालू झाला.

"मॅ... मॅड..."

आणि एक आवाज. बारीक, शिट्टीसारखा... आत ओढलेला.

"अगं, दम धर की जरा! शंका शेवटी!"

मावशीने सगळ्यांचेच माइक बंद केले. असे, की तिने उघडल्याशिवाय कोणाला उघडता येऊ नयेत.

शेवटी तिने विचारलंही. "काही शंका?"

कोणी बोललं नाही. बोलणार कसं? कुलूप तर तिनेच घातलं होतं.

"मौन म्हणजे संमती. चला."

संध्याकाळी आई कामावरून आली, तेव्हा पोरगी टेबलाशीच होती. डोकं पुस्तकावर, फोन हातात.

दुसऱ्या दिवशी मावशीला ती गेल्याची बातमी कळली. "दम धर" म्हणाले मी तिला, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. ती खूप रडली. आणि रडून झाल्यावर तिने कात्रीला फोन केला.

"कालच्या तासात मध्येच कसला तरी आवाज आलाय. तेवढा काढून टाक."

त्याने काढला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत!

पुढे शंकासुराची आई कॉलेजात आली. "शेवटी तुमच्याच तासाला होती ती. काही बोलली का हो?"

खरं मावशीच्या ओठांवर आलं होतं. पण म्हणाली, "नाही हो. गप्पच होती."

"गप्प? माझी पोर?" आई जरा हसली. मग रुमालाने डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं. म्हणजे फार त्रास झाला नसेल तिला."

मावशीने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

काही दिवसांनी कात्री डोकं खाजवत आला. "मॅडम, एक गंमत होतेय. त्या मौनाच्या धड्यात 'काही शंका' म्हणून तुम्ही थांबता ना... ती जागा कापलीच जात नाही."

"मग हाताने काप."

"कापली. परत येते. सॉफ्टवेअरच्या मते तिथे शांतता नाहीच."

"मग काय आहे?"

"मला तर काही ऐकू येत नाही बुवा."

पण दुसऱ्या तुकडीतल्या एका मुलीने रेकॉर्डिंगखाली लिहिलं, 'मॅडम, काळजी घ्या. तुम्हाला दमा आहे का?'

मावशीने कानाला हेडफोन लावले... आणि लगेच काढून फेकले.

सुट्टी लागली. तो मौनाचा धडाच नव्याने रेकॉर्ड करायचा असं तिने ठरवलं. नवा केला की जुना पुसला जाईल, सुटले एकदाची, असा तिचा हिशोब. कात्री सगळं चालू करून जेवायला गेला. कॉलेजच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत मावशी एकटी. ऑनलाइन वर्गातही ती एकटीच.

धडा छान झाला. सवयीने ती म्हणाली, "काही शंका?"

पडद्यावर पिवळा हात वर झाला.

नावाच्या जागी काहीच नव्हतं. मावशीचं बोट आपसूक त्या बटणाकडे गेलं... आणि तिथेच थांबलं.

"बोल गं," ती कशीबशी म्हणाली. "बोल. माइक उघडलाय मी."

उत्तर आलं नाही. फक्त श्वास. बारीक, आत ओढलेला. आणि तो स्पीकरमधून येत नव्हता... तिच्या उजव्या कानाशी येत होता.

मावशीने मोबाइल घेतला आणि त्या आईला लावला. सगळं सांगून टाकलं. तो वर येणारा हात, ते "मॅ... मॅड", ते बंद केलेले माइक, तो कापलेला तुकडा, आणि तोंडावर बोललेलं खोटं.



"ताई, ऐकताय ना? बोला काहीतरी. शिव्या द्या हवं तर मला."

बऱ्याच वेळाने आई बोलली. अगदी हळू.

"मॅडम... तुमच्याजवळ कोण आहे?"

"को... कोणी नाही. मी एकटीच आहे."

"आता तरी खोटं बोलू नका. उशाशी बसून रात्र रात्र ऐकलाय मी तो श्वास." आई म्हणाली. "बाजूला व्हा जरा. फोन तिला द्या."

मावशीने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. बाहेर येऊन तिने दार ओढून घेतलं. आतून आईचा आवाज ऐकू येत होता.

"हां बाळा... आहे ना मी... सावकाश... हां... हां..."

मध्ये मध्ये आई थांबत होती. कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

कात्री परत आला तेव्हा फोन बंद झाला होता. रेकॉर्डिंग मात्र चालूच होतं. ते मावशीने आजवर ऐकलेलं नाही. पुसलेलंही नाही. आणि तो कापलेला तुकडा तिने जुन्या धड्यात परत लावून घेतला, सगळ्यांनी ऐकावा म्हणून.

मावशी अजून शिकवते. माइक कोणाचाच बंद करत नाही. 'काही शंका?' विचारून इतका वेळ थांबते की मुलं कंटाळून जातात.

मध्यंतरी धीर करून ती त्या आईच्या घरी गेली. पाय धरायचेच बाकी ठेवले होते. "ताई, ती माझ्याबद्दल काही बोलली का? माफ केलं का तिने मला?"

आईने तिच्याकडे पाहिलं. पाहतच राहिली. एक शब्द बोलली नाही.

"मग? तू काय समजलीस?" मी मावशीला विचारलं.

"काय समजणार?" मावशी म्हणाली. "गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. मीच शिकवते ना."